पिंपात काय आहे ते नीट लिहा: छोट्या वर्कशॉपच्या हॅझार्डस वेस्टचं (धोकादायक कचऱ्याचं) वर्णन कसं भरायचं

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्कशॉपातून चार पिंपं गाडीत चढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच चार पिंपं परत आमच्या गेटवर. आम्ही गोव्यात झुवारी नदीच्या काठी फायबरच्या होड्या बनवतो, रिपेअर करतो, त्यामुळे वापरलेलं ॲसिटोन, रेझिनचा गाळ, रंगाचे डबे, माखलेल्या चिंध्या हे सगळं रोजचंच. मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याबरोबर जाणारा फॉर्म, मीच भरलं होतं आणि वर्णनाच्या रकान्यात चारही पिंपांसाठी एकच ओळ टाकली होती, ‘केमिकल वेस्ट, लिक्विड’. माल घेणाऱ्यांनी झाकणं उघडली तर एकात पातळ ॲसिटोन, दोनात जेलीसारखा घट्ट गाळ आणि चौथ्यात निव्वळ चिंध्या. त्यांनी घेतलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. दोन्ही बाजूंचं भाडं अंगावर आलं ते आलंच, पण मला जास्त लागलं ते ड्रायव्हरचं बोलणं. तो म्हणाला, बाब, रात्री घाटात गाडीला काही झालं असतं आणि कोणी विचारलं असतं मागे काय भरलंय, तर मी काय सांगणार होतो?

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे, वर्णन ऑफिसात बसून लिहायचं नाही, पिंपाजवळ उभं राहून लिहायचं, आणि ज्या दिवशी पिंपात पहिला डबा ओततो त्या दिवशी लिहायचं. गाडी यायच्या दिवशी लिहायला बसलात की आठवत नाही, मग माणूस ‘मिक्स’ लिहितो. गोव्यातली छोटी गॅरेजं, प्रिंटिंग प्रेस, पावडर कोटिंगवाले, बार्ज रिपेअरवाले, फर्निचर पॉलिशवाले, बऱ्याच जणांशी बोलताना मला हीच अडचण दिसली म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय.

आधी नियमाचं थोडक्यात. आपल्याला लागू होतात ते २०१६ चे हॅझार्डस अँड अदर वेस्ट्सचे नियम. गोव्यात बोर्ड म्हणजे गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, ऑफिस साळगावला. ऑथोरायझेशन, म्हणजे असा कचरा हाताळायची परवानगी, त्यांच्याकडून घ्यायचं, फॉर्म १ भरून. रोजची नोंद फॉर्म ३ मधे, वार्षिक रिटर्न फॉर्म ४ मधे ३० जूनपर्यंत, माल साठवायची मुदत साधारण ९० दिवस. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा होणाऱ्या छोट्या युनिटांना बोर्ड ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. छोटं युनिट म्हणून मुदतीत अशी सवलत मिळू शकते, वर्णनात कसलीच नाही. एक पिंप पाठवा की पन्नास, लेबल फॉर्म ८ चं, ड्रायव्हरच्या हातातलं ट्रेम कार्ड (सांडलं, पेटलं तर काय करायचं ते सांगणारं) फॉर्म ९ चं आणि मॅनिफेस्ट फॉर्म १० चं.

फॉर्म १० वर खाली सेंडरचं सर्टिफिकेट असतं, ते आपण न वाचता सही करतो. त्यात लिहिलेलं असतं की या कन्साइनमेंटमधे जे आहे त्याचं पूर्ण आणि अचूक वर्णन प्रॉपर शिपिंग नेमने (वाहतुकीसाठी ठरलेल्या नावाने) वर दिलंय, आणि माल त्याप्रमाणे पॅक, मार्क आणि लेबल केलाय. म्हणजे तुम्ही ‘केमिकल वेस्ट’ लिहून सही केलीत तर खोट्या गोष्टीवर सही केलीत. ट्रान्सपोर्टरची नाही, एजंटची नाही, तुमची सही.

आता प्रत्यक्ष काम. एक साधी वही घ्या, प्रत्येक पिंपाला नंबर द्या आणि त्या नंबराच्या पानावर चार गोष्टी टिपत जा: कुठल्या कामातून आलं, मुख्य काय आहे, पातळ आहे की गाळ की घट्ट, आणि किती. उदाहरणार्थ ‘मोल्ड आणि ब्रश धुतलेलं ॲसिटोन, त्यात पॉलिएस्टर रेझिन विरघळलेलं, पातळ, अंदाजे १५ लिटर’. एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. आमच्याकडे ही वही पेनला दोरी बांधून पिंपांच्या शेडमधेच टांगलेली असते, कारण ऑफिसात ठेवली की पोरं हात पुसून तिथपर्यंत येत नाहीत हे मी बघितलंय, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, काम चालू असतं.

गॅरेजवाल्यांनी एक शब्द मुद्दाम सांभाळायचा. गॅरेजमधे ‘वेस्ट’ म्हणजे हात पुसायचं सूत, कॉटन वेस्ट. पोराने वहीत ‘वेस्ट १ पोतं’ लिहिलं तर ते कोरं सूत आहे की तेलाने भिजलेलं की थिनरने भिजलेलं काहीच कळत नाही, आणि या तिघांमधे जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून ‘इंजिन ऑइलने भिजलेलं सूत’ असं पूर्ण लिहायची सवय लावा.

मग येतो कॅटेगरी नंबर. नियमांच्या शेड्यूल १ मधे कुठल्या प्रक्रियेतून कुठला कचरा निघतो त्याची यादी आहे, आपल्यासारख्यांना त्यातले थोडेच नंबर लागतात. वापरलेलं ऑइल ५.१. तेल असलेला गाळ, अवशेष ५.२. वापरलेले सॉल्व्हंट २०.२. रंग, वार्निश, शाईचा गाळ आणि उरलेला कचरा २१.१. रेझिन, ग्लू यांचा कचरा २३.१. केमिकलने माखलेले रिकामे डबे-पिंपं ३३.१ आणि माखलेल्या चिंध्या, सूत ३३.२. पाण्याच्या ट्रीटमेंटमधून निघणारा केमिकल गाळ ३५.३. पण यादी बघून स्वतःच नंबर टाकू नका, तुमच्या ऑथोरायझेशनवर जे नंबर आणि जेवढं प्रमाण मंजूर आहे त्याच्याशी जुळला पाहिजे. बऱ्याच गॅरेजांच्या कागदावर फक्त ५.१ असतं आणि प्रत्यक्षात ते माखलेले डबे आणि चिंध्याही देत असतात, तर ते आधी ऑथोरायझेशनमधे घालून घ्या.

आता ज्या भागात सगळे अडकतात तो भाग, प्रॉपर शिपिंग नेम. कॅटेगरी नंबर सांगतो कचरा कुठून आला. शिपिंग नेम सांगतं तो रस्त्यावर सांडला किंवा पेटला तर कसा वागेल. दोन्ही लागतात. जगभर याचा एकच क्रम चालतो: आधी यूएन नंबर (धोकादायक मालाला जगभर ठरलेला चार आकडी नंबर), मग नाव, मग क्लास (धोक्याचा प्रकार), मग पॅकिंग ग्रुप, आणि कचरा असेल तर नावाच्या आधी ‘वेस्ट’ हा शब्द. फॉर्म इंग्रजीत भरायचा असतो, मी इथे देवनागरीत लिहितोय एवढंच.

नुसतं वापरलेलं ॲसिटोन असेल तर ‘यूएन १०९०, वेस्ट ॲसिटोन, ३, पीजी २’. ३ म्हणजे पेट घेणारे द्रव. पीजी म्हणजे पॅकिंग ग्रुप आणि इथे लोक हमखास गोंधळतात, त्यांना वाटतं दोन पिंपं म्हणून पीजी २. पॅकिंग ग्रुपचा पिंपांच्या संख्येशी काही संबंध नाही, तो धोका किती त्याची पायरी आहे, १ सगळ्यात जास्त आणि ३ सगळ्यात कमी. पेट घेणाऱ्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, २३ डिग्रीच्या खाली असेल तर पीजी २, २३ ते ६० मधे असेल तर पीजी ३, आणि उकळायलाच ३५ डिग्री किंवा त्याहून कमी लागत असतील तर पीजी १. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या बराच खाली आहे, टोल्युइनचा ४ डिग्रीच्या आसपास, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमधे ते कायम पेटायला तयार असतात हे लक्षात असू द्या.

रंग, प्रायमर, रंगाचं थिनर असं असेल तर त्याला स्वतःचं नाव आहे, पेंट किंवा पेंट रिलेटेड मटेरियल, यूएन १२६३, क्लास ३. पॉलिएस्टर रेझिन अजून पातळ असेल तर रेझिन सोल्यूशन, यूएन १८६६, तेही क्लास ३. स्वतःचं नाव असलेली वस्तू असेल तर तेच नाव वापरायचं, उगाच मोघम नावाकडे जायचं नाही.

मोघम नाव कधी वापरायचं, तर मिश्रण असेल आणि यादीत त्याला नाव नसेल तेव्हा. आमचं धुतलेलं ॲसिटोन आता नुसतं ॲसिटोन राहिलेलं नाही, त्यात रेझिन आणि त्यातलं स्टायरीन आलंय. मग ते ‘यूएन १९९३, वेस्ट फ्लेमेबल लिक्विड, एन.ओ.एस. (ॲसिटोन व स्टायरीन), ३, पीजी २’. एन.ओ.एस. म्हणजे दुसरीकडे कुठे नाव दिलेलं नाही असं. हे एन.ओ.एस. लिहिलं की त्याच्यापुढे कंसात धोक्याला कारणीभूत असलेल्या एक-दोन मुख्य केमिकलांची नावं लिहावीच लागतात, आणि लोक नेमकं तेच सोडतात. नुसतं फ्लेमेबल लिक्विड एन.ओ.एस. वाचून फायर ब्रिगेडवाल्याला काय कळणार? ॲसिटोन पाण्यात मिसळतं आणि टोल्युइन पाण्यावर तरंगत पेटत पुढे जातं, फेस कुठला मारायचा ते त्या कंसातल्या दोन शब्दांवर ठरतं.

थिनर किंवा ॲसिटोनने भिजलेल्या चिंध्या ही द्रवाची केस नाही. त्यांना ‘सॉलिड्स कंटेनिंग फ्लेमेबल लिक्विड, एन.ओ.एस.’, यूएन ३१७५, क्लास ४.१, पीजी २, आणि पुन्हा केमिकलचं नाव. बार्ज आणि होड्यांच्या बुडाला लावायच्या अँटिफाउलिंग रंगात बहुतेक वेळा तांब्याचं ऑक्साइड असतं, तो घासून काढलेला सुका भुगा पेटणारा नाही पण नदीतल्या जिवांना मारणारा आहे, त्याला यूएन ३०७७, एन्व्हायर्नमेंटली हॅझार्डस सबस्टन्स, सॉलिड, एन.ओ.एस. (कॉपर ऑक्साइड), क्लास ९, पीजी ३. तो भुगा झाडून सरळ नदीत ढकलायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती आजच सोडावी, त्याच पाण्यात आपण तिसऱ्या आणि शिनाण्या (खायचे शिंपले) काढतो.

वापरलेल्या इंजिन ऑइलचं मात्र वेगळं. त्याचा फ्लॅश पॉइंट ६० च्या खूप वर असतो म्हणून त्याला क्लास ३ लिहायचं नसतं, वर्णनात ‘वापरलेलं इंजिन ऑइल’ आणि कॅटेगरी ५.१ स्वच्छ लिहा. पण हे तेव्हाच खरं जेव्हा पिंपात फक्त ऑइल आहे. पार्ट धुतलेलं पेट्रोल, उरलेलं थिनर, कूलंट, ब्रेक फ्लुइड सगळं त्याच काळ्या पिंपात ओततात आणि वर ५.१ चं लेबल, मग ते पेटायला सोपं झालेलं असतं आणि रिसायकल करणाऱ्याच्या प्लांटमधे त्याची माणसं त्याला साधं ऑइल समजून गरम करतात. पेट्रोलसाठी वेगळा डबा ठेवा.

हे सगळं शोधायचं कुठे? तुम्ही जे विकत घेता त्याची सेफ्टी डेटा शीट डीलरकडे मागा, ती द्यायला कोणी नाही म्हणू नये. त्यात ३ नंबरच्या भागात घटक, ९ मधे फ्लॅश पॉइंट आणि १४ मधे यूएन नंबर, नाव, क्लास, पॅकिंग ग्रुप आयतं मिळतं. फक्त ते कोऱ्या मालाचं असतं, तुमचा वापरलेला माल बदललाय का ते वहीवरून बघायचं. खात्री नसेल तर माल घेणाऱ्या फॅसिलिटीला आधी सॅम्पल द्या, त्यांची लॅब असते.

एक गोष्ट इथे थांबून सांगतो कारण ती वर्णनापेक्षा मोठी आहे. फायबरच्या कामात कॅटॅलिस्ट म्हणून जे एमईकेपी वापरतात ते ऑरगॅनिक पेरॉक्साइड आहे, क्लास ५.२, आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटरशी ते सरळ मिसळलं तर स्फोट होतो. उरलेलं एमईकेपी ॲसिटोनच्या पिंपात कधीच ओतायचं नाही, एक झाकणभरसुद्धा नाही. ते त्याच्या मूळ डब्यात, सावलीत, वेगळं ठेवा आणि फॅसिलिटीला वेगळं कळवा. कॅटॅलिस्ट घातलेलं रेझिन बादलीत उरलं तर ते आपोआप तापतं, धूर निघतो, त्यालाही लगेच पिंपात टाकू नका, उघड्यावर थोडं थोडं पसरून पूर्ण कडक आणि थंड होऊ दे. फर्निचर पॉलिशवाल्यांच्या अळशीच्या तेलाच्या चिंध्यांचंही तसंच, गोळा करून कोपऱ्यात टाकल्या की स्वतःहून पेटतात, म्हणून घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हवा.

वजन. फॉर्मवर प्रमाण टनात किंवा घनमीटरमधे असतं आणि बहुतेक जण २०० लिटर म्हणजे २०० किलो धरतात. ॲसिटोन हलकं आहे, २०० लिटर म्हणजे जेमतेम १५८ किलो, इंजिन ऑइल १७५ च्या आसपास. तिकडे काट्यावर वेगळं आलं की मधे कुठे काढून घेतलं का असा संशय ट्रान्सपोर्टरवर येतो. शक्यतो वजन करूनच पाठवा, भंगारवाल्याचा काटाही चालतो. आणि पिंप काठोकाठ भरू नका, उन्हात द्रव फुगतो, वरती थोडी जागा सोडायची. पातळ, गाळ, घट्ट, तेलकट यातलं जे असेल ते फिजिकल फॉर्ममधे प्रत्येक पिंपाचं वेगळं लिहा, आमची चार पिंपं परत आली ती मुख्यतः याच रकान्यामुळे.

लेबल पिवळ्याधमक रंगावर हवं आणि ‘हॅझार्डस वेस्ट’, ‘हँडल विथ केअर’ हे शब्द लाल अक्षरात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. आम्ही तिसरी भाषा कोंकणी ठेवलीय, पिंप उचलणाऱ्यांपैकी निदान एकाला तरी वाचता आली पाहिजे. त्यावर कॅटेगरी, कशाबरोबर ठेवू नये ते, प्रमाण, साठवायला सुरुवात केल्याची तारीख, पाठवणारा, घेणारा, इमर्जन्सीचा फोन. फोन असा द्या जो रात्री उचलला जाईल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लेबल हेच सगळ्यात आधी मरतं, मार्करची शाई ओघळते, कागद सुटतो, आणि चवथीनंतर शेड आवरायला गेलात की पाच बिननावाची पिंपं. न धुतलं जाणारं, पाण्यात टिकणारं लेबल असावं असं नियमच सांगतो, तर व्हिनाइलचं छापून घ्या. लेबल पिंपाच्या पोटावर लावा, झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. जुन्या पिंपावरचं मूळ मालाचं नाव खरवडून काढा, नाहीतर एका पिंपावर दोन वर्णनं.

गाडीचं बघायचं काम ट्रान्सपोर्टरचं म्हणून सोडून देऊ नका. १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर दोन्ही बाजूंना आणि मागे इमर्जन्सी पॅनल लागतं, त्यावर मालाचं तांत्रिक नाव, यूएन क्लास, क्लासचं चित्र आणि फोन नंबर. तुमच्या कागदावर क्लास ३ आणि गाडीवर मागच्या फेरीचं क्लास ८ असेल तर ते तिथेच बदलायला लावा. ड्रायव्हरने या कामाचं ट्रेनिंग घेतलेलं असावं. ट्रेम कार्ड तुम्ही भरून द्यायचं, आणि मी तर ते ड्रायव्हरला वाचून दाखवतो, हिंदीत किंवा कोंकणीत, काय आहे, सांडलं तर काय, पेटलं तर काय. पाच मिनिटं जातात.

माल जातो कुठे त्यावर अजून एक कागद ठरतो. गोव्यात सत्तरीत पिसुर्लेला कॉमन हॅझार्डस वेस्ट फॅसिलिटी आहे, तिथे गेलं तर राज्यातल्या राज्यात. पण कायमची विल्हेवाट लावायला दुसऱ्या राज्यात पाठवायचं असेल तर दोन्ही राज्यांच्या बोर्डांची एनओसी लागते, आणि रिसायकलिंगसाठी ऑइल वगैरे जाणार असेल तर माल देण्याआधी दोन्ही बोर्डांना कळवावं लागतं. बॅटऱ्या, जुने कॉम्प्युटर, दवाखान्याचा कचरा या मॅनिफेस्टात घुसडू नका, त्यांचे नियम वेगळे आहेत.

मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात. पांढरी तुम्ही बोर्डाला पाठवायची, पिवळीवर ट्रान्सपोर्टरची सही घेऊन स्वतःकडे ठेवायची, बाकीच्या पाच गाडीबरोबर. त्यातली गुलाबी माल घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी ट्रान्सपोर्टरला, हिरवी घेणारा बोर्डाला पाठवतो, निळी तुमच्याकडे परत येते, आणि करडी फक्त दुसऱ्या राज्यात गेलं तर तुमच्या बोर्डाला. ऑनलाइन भरलंत तरी आपल्या फाइलला छापील प्रत ठेवा.

निळीची वाट बघा, आणि आली नाही तर फोन करा. आली की पिवळीशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा, नाव तेच आहे का, पिंपं तेवढीच आहेत का, वजन किती पडलं, आणि मग दोन्ही एकाच पिनेत लावून वहीतल्या त्या पिंपाच्या पानावर मॅनिफेस्टचा नंबर लिहून टाका.